मागं पाहणारा ळ

रेवानं तिचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरला, त्या दिवसापासून माझं एका जागी बसणं बंद झालं. भाजी निवडायला घेते आणि अर्ध्यात उठते. देवापुढे बसते, वात लावायची राहून जाते, आणि मी गॅलरीत उभी राहून समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचत असते. सून म्हणते, आई, डॉक्टरकडे जाऊन यायचं का एकदा. तिला काय सांगू? डॉक्टर काय लिहून देणार यावर?

मोबाइलवर एकच शब्द होता. अमरावती. पण अक्षरं अशी, की शब्द वाचायच्या आधीच मला रॉकेलचा वास आला. उभी रेघ चांगली भरदार, काळीभोर, आणि तीच रेघ वळणावर आली की केसासारखी बारीक. डोक्यावरची आडवी रेघ तर इतकी नाजूक, की श्वास सोडला तर हलेल असं वाटावं. रेघ संपते तिथं इवलासा तुरा, नथीच्या मोत्यासारखा.

"आजी, ओळखलंस?" रेवानं विचारलं. रेवा माझी नात, मुलीची मुलगी. पुण्याला असते आणि संगणकासाठी अक्षरं घडवायचं काम करते. असं काही काम असतं आणि त्याचा पगार मिळतो, हे मला तिच्यामुळेच कळलं.

"ही तर नवरी," मी म्हणाले.

"नवरीच. तुझ्या ट्रंकेतल्या जुन्या लग्नपत्रिका नेल्या होत्या ना मी, त्यावरून एकेक अक्षर उचललं. सगळी मिळाली. फक्त ळ कुठंच नाही गं. एकाही पत्रिकेवर नाही. मी माझ्या मनानं काढू का?"

"थांब," मी म्हणाले. "ळ होता. एकच होता."

आणि तिथून ही येरझार सुरू झाली.

आमच्या बाबांचा अकोल्याला छापखाना होता. कापसाच्या बाजाराकडे जाणाऱ्या एका बोळात, पुढे यंत्र आणि मागे आम्ही. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटली, पण घरात भिंतीला टेकून अक्षरांच्या पेट्या उभ्या असल्यावर शाळेवाचून अडतं कुठं? शिशाच्या त्या सुट्या अक्षरांना खिळे म्हणायचे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, तेव्हाच ते कागदावर सरळ उमटतं. म्हणजे बघा, मी उलटं वाचायला आधी शिकले आणि सरळ नंतर. अजूनही आरशातलं लिहिलेलं मला पटकन वाचता येतं. याचा आयुष्यात काही उपयोग झाला नाही, पण येतं.

हिवाळ्यात सरकी काढायच्या जिनांमधून रुई उडायची. दारं लावून घेतली तरी आत यायची, ओल्या शाईवर बसायची, आणि बाबा चिमट्यानं एकेक तंतू उचलत बसायचे. बारीक रेघ कोणती आणि रुईचा तंतू कोणता, हे त्यांनाच कळायचं. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याच्या ताट्या लागायच्या. त्यावर मी आणि ताई तांब्यानं पाणी मारायचो. ओला वाळा, शाई, खिळे पुसायचं रॉकेल आणि पत्रिकेच्या कोपऱ्यांना लावायची भिजवलेली हळद, या चार वासांचा मिळून जो एक वास व्हायचा, तो म्हणजे माझ्यासाठी लग्नसराई. नंतर माझं लग्न झालं, मुलांची झाली, हॉल झाले, बुफे झाले. तो वास काही आला नाही.

आणि नवरी. उत्तरेकडच्या कुठल्याशा अक्षरं ओतणाऱ्यांकडून बाबांनी ती मागवली होती. मोठ्या मापाची, दिसायला अशी की ग्राहकाचं बोट आपोआप तिच्यावरच जायचं. नाव आमच्याकडच्यांनीच पाडलं, कारण पत्रिकेवर वर-वधूचं नाव तेवढं त्या अक्षरांत व्हायचं. देवाचं नाव नाही, आमंत्रकांचं नाही, मुहूर्त नाही. एका कापडवाल्यानं उद्घाटनाच्या पत्रिकेवर दुकानाचं नाव त्यात मागितलं, तर बाबा म्हणाले, "दुकानाचं लग्न लावून राहिले काय, शेठ?" तिचा खण वेगळा. खणात आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरलेला. छपाई झाली की बाबा स्वतः मऊ कापडानं तिला पुसायचे, कारण एकदा खाली पडली की बारीक रेघ गेलीच.

पेटी उघडली त्या दिवशीच कळलं होतं की त्यात ळ नाही. ओतणारे हिंदीवाले. त्यांचं ळवाचून चालतं, त्यांनी घातला नाही. आमच्याकडे तर खिळा म्हणायचा झाला तरी ळ लागतो. बाबांनी दोनदा लिहून विचारलं, उत्तर आलं नाही. मग एक रीतच पडून गेली. पत्रिका छापायला माणूस आला की पाणी देऊन झाल्यावर पहिला प्रश्न, नावात ळ आहे का. असला तर नवरी नाही, रोजची जाड अक्षरं.

त्यावरून काय काय व्हायचं. अकोटकडचे एक गृहस्थ आले होते, डोक्याला दुपट्टा, हातात पिशवी.

"नवरीचं नाव सांगा," बाबा म्हणाले.

"गोकुया."

"म्हनजे गोकुळा."

"हो, तेच. गोकुया."

"मंग या अक्षरात होत नाही, भाऊ. यात ळ नाही."

"ळ कायले पायजे? मी ळ म्हनलोच कुठी? य आहे नं तुमच्यापाशी? य टाका."

आता हसू नका, माणूस खरं बोलत होता. आमच्या वऱ्हाडी तोंडात ळ टिकतच नाही. डोळ्याचा डोया होतो, जवळचं जवय होतं, शाळेची शाया. कागदावरच काय तो ळ असतो. बाबा त्यांना समजावत राहिले, की बोलायचं वेगळं आणि छापायचं वेगळं. ते म्हणाले, "मंग शेजारच्याच्या सुमनचं कावून झालं मोठ्या अक्षरात? ते काय आमच्या पोरीपक्षा गोरी हाय?" शेवटी रोजच्याच अक्षरांत छापून घेऊन गेले, पण जाताना चपला अशा घातल्या की सगळ्या बोळाला राग ऐकू आला. पुढे पुढे लोक नावच बदलून आणू लागले. निर्मळेची निर्मला, कमळेची कमल. त्या एका न आलेल्या खिळ्यापायी आमच्या भागातल्या किती पोरींचं बारसं परत झालं, देव जाणे.

आणि आमच्या ताईचं नाव मंजुळा.

ताई माझ्याहून बरीच मोठी. पत्रिकेची घडी घालण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बोटाच्या पेरानं एकदा दाबलं की कागद जन्मभर तसाच राहायचा. घडी घालताना आतलं नाव दिसायचं. सुमन, विमल, शालिनी, सिंधू. ती प्रत्येक नावावरून एकदा अंगठा फिरवायची, शाई सुकली का पाहायला म्हणून. मी लहान होते तरी मला कळायचं की शाई केव्हाच सुकलेली असते.

तिचं लग्न अकोटला ठरलं तेव्हा बाबा अचलपूरच्या एका सुताराकडून शिसवाचा तुकडा घेऊन आले. घट्ट, जड, काळपट. दुपारी यंत्र थांबलं की ते वाळ्याच्या ताटीपाशी बसायचे आणि पातळ पात्यानं कोरायचे. भुसा इतका बारीक पडायचा की मी तो फुंकून उडवायची. आई आतून म्हणायची, "पाव्हने येऊन राहिले लग्नाले, अन् हे लाकडं घेऊन बसले." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. ळ म्हणजे दोन वाटोळी शेजारी शेजारी आणि शेवटी पुढच्या अक्षराकडे निघालेलं एक टोक. जाड तिथं जाड, बारीक तिथं बारीक, आणि टोकाला तो मोत्यासारखा तुरा. लाकडात बारीक रेघ धरणं म्हणजे काय, ते मी पाहिलं आहे. दोनदा मोडली. तिसऱ्या तुकड्यावर राहिली.

मग कच्चा कागद काढायचा दिवस आला. बाबांनी शिशाच्या नवरीत लाकडाचा ळ बसवला, शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवून दाबला आणि उचलला. आम्ही सगळे वाकून पाहायला लागलो.

चि. सौ. कां. मंजुळा. अक्षर जुळून आलं होतं, शिसं कुठलं आणि शिसव कुठलं कळू नये इतकं. पण ळ उलटा होता. सगळी अक्षरं पुढे निघालेली, आणि हा एकटा मान वळवून मागं पाहत होता. बाबांनी तो खिळ्यासारखा उलटा कोरायच्या ऐवजी सरळ कोरला होता, आपण वहीत काढतो तसा. आयुष्यभर उलट्या अक्षरांत राहिलेल्या माणसाच्या हातून हे कसं झालं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आता मी विचारतही नाही.

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. बाहेरून रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता.

ताईनं कागद हातात घेतला. बराच वेळ पाहिला.

"बाबा, हा मांगं पाहून राहिला," ती म्हणाली.

"हो नं."

"कोनाकडे पाहून राहिला?"

बाबांनी परत चष्मा काढला.

"छापा असाच," ताई म्हणाली. अंगठा फिरवला तिनं नावावरून. शाई खरंच ओली होती, नखाला लागली.

तशाच पत्रिका गेल्या. लोकांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, लग्नाच्या घाईत अक्षराची मान कोण पाहतं. अकोटला लग्नानंतर ताटात तांदूळ पसरले आणि भाऊजींनी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, सुनंदा. मी परकर सावरत अगदी ताटापाशी बसले होते. तांदळात अंगठीची रेघ सगळीकडे एकसारखी, ना जाड ना बारीक. सगळ्यांनी पाहून घेतलं, मग कोणीतरी ताट उचललं, हलवलं आणि तांदूळ पोत्यात ओतले. नवं नाव पण गेलं त्यात, जुनं पण गेलं. मंजुळा म्हणणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही. म्हणजे मी मंजुया म्हणते, पण माझ्या मनात ळ असतो.

तो लाकडाचा ळ बाबांनी ताईला दिला होता, एवढं मला आठवत होतं. आमच्याकडची तिची पत्रिका वाळवीनं खाल्ली. म्हणजे आता तो ळ जगात असेल तर एकाच ठिकाणी, ताईपाशी. आणि तिनं तो टाकला असला, चुलीत गेला असला, नातवंडांनी खेळून हरवला असला तर? मग रेवा तिच्या मनानं एक ळ काढेल, चांगलाच काढेल, आणि बाबांनी केलेलं अक्षर होतं याला पुरावा म्हणून फक्त माझं तोंड राहील. त्या तोंडात तर ळ येतही नाही. हा धसका मला बसू देत नव्हता.

फोन केला. ताईला हल्ली कमी ऐकू येतं.

"ताई, तुह्यापाशी तो ळ आहे काय?"

"काय?"

"ळ. बाबानं केलता तो." इथं ळ लिहिला, तोंडून निघाला तो यय.

"यय? कोनता यय? कायचं म्हनतं वं? ये नं इकडे. फोनवर काय ये-ये करून राहिली."

मग काय, निघालोच. रेवा सुट्टी घेऊन आली होती. अमरावतीहून एसटीनं अकोला, तिथून अकोट. रस्ताभर मी पाट्या वाचत होते. फळभांडार, शाळा, केळी पिकवण्याचे केंद्र. प्रत्येक ळची मान पाहत होते. सगळे पुढे.

"आजी, जरा डोळे मिट ना," रेवा म्हणाली. डोळे मिटले तर आत रुई उडायला लागली.

अकोल्याला मी हट्टानं रिक्षा बोळाकडे वळवायला लावली. छापखान्याच्या जागी आता फ्लेक्स छापतात. दारात कोणाच्या तरी वाढदिवसाचा लांबच लांब फ्लेक्स वाळत होता. मी पायरीवर उभी राहून श्वास ओढला. प्लॅस्टिकचा वास. परत ओढला. आतल्या माणसानं विचारलं, "काय पाहिजे, काकू?" मी म्हणाले, काही नाही, इथं आमचं यंत्र होतं. तो म्हणाला, "बसा ना, चहा सांगतो." चांगला माणूस होता. पण मला तिथं उभं राहवेना. रुई नाही, वाळा नाही, आणि बोळ इतका लहान कसा झाला?

अकोटला ताई ओट्यावर वाट पाहत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, पण माझी चाल ओळखली.

"आली काय वं लहाने. वाळून गेली पुरी. खात नाही काय अमरावतीले?" ती मात्र वायून म्हणाली, मी इथं वाळून लिहिलं.

पाणी पिऊन होईपर्यंतही माझ्यानं राहवलं नाही. "ताई, तो बाबाचा ळ."

ताई ऐकलं नसल्यासारखी रेवाचा हात चाचपत होती. "हे कोन? तुही नात? काय करतं?"

"अक्षरं करते, मोठ्या आजी," रेवा तिच्या कानाशी वाकून म्हणाली.

"कोनाची?"

"सगळ्यांची."

ताईनं आत सुनेला हाक मारली. "सुनबाई, तो पेढ्याचा ठसा आन वं."

सून एक स्टीलची डबी घेऊन आली. "आईंचं फूल होय हे," ती मला कौतुकानं सांगायला लागली. "या घरात कोणी जन्मलं, कोणी पास झालं, कोणाले नोकरी लागली, की आई म्हशीच्या दुधाचा खवा आटवून पेढे करतात, अन् हरेक पेढ्यावर हे फूल उठवतात. अख्ख्या गल्लीले माहीत आहे."

डबीत तो होता. शिसव तुपानं काळं कुळकुळीत झालेलं, कडा झिजून गोल झालेल्या, बारीक रेघ थोडी भरून आलेली. पण मोडलेली नाही. मी नाकाशी नेला. वेलची. शाईचा कणभर वास नाही, नुसती वेलची आणि तूप.

फूल. त्या घरात इतकी वर्षं सगळे त्याला फूल म्हणत होते. आणि ताईनं एकालाही सांगितलं नव्हतं की तुम्ही माझं नाव खाता आहात.

मी उगीच म्हणाले, "फूल नाही वं ते, सुनबाई. अक्षर आहे."

"अक्षर?" सून ठशाकडे पाहत राहिली. "कोणतं?"

ताई हसली. दात नाहीत, पण हसणं तेच. "यय," ती म्हणाली.

तिनं खवा काढायला लावला. आम्ही येणार म्हणून सकाळीच आटवून ठेवला होता म्हणे. पेढे वळले, ठसा तुपात बुडवून एकावर दाबला आणि रेवासमोर धरला. ळ उमटला, मान वळवून.

रेवानं फोटो काढले, पेढ्याचे आणि ठशाचेही. मग तिनं मोबाइल खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. "मोठ्या आजी, एक विचारू? हा लाकडावर सरळ आहे, पण उमटतो उलटा. मी माझ्या अक्षरांत कसा ठेवू? असाच, की पुढे वळवून?"

"असाच," मी म्हणाले. "जसा बाबानं केला तसाच."

ताईनं माझ्या मांडीवर हात ठेवला, गप्प बस म्हणून. लहानपणी ठेवायची तसा. "पोरी, तुह्या अक्षरात पोरी आपलं नाव लिहितीन नं? लग्नाच्या पत्रिकेवर?"

"लिहितील. मुलगेही लिहितील."

"मंग वळव पुढं. साऱ्याइच्या ळनं मांगं पाहून कसं चालंन?"

"अन् बाबाचा?" मी म्हणाले. आवाज जरा चढलाच माझा. "तो गेला मंग."

"कुठी गेला? हा नाही काय?" तिनं दुसऱ्या पेढ्यावर ठसा दाबला. "मी मांगं पाह्यलं की मले बाबा दिसत होते, लहाने. आजकालच्या पोरीइले मांगं कोन दिसंन, मले काय माहीत. त्याइचं त्याइनं पाहावं. खाय पेढा."

मी खाल्ला नाही. मला राग आला होता, इतक्या लांब आल्यावर. ताईला तो कळला आणि तिनं डबाभर पेढे बांधून दिले. ठसा मात्र डबीत घालून कमरेला खोचला.

परतीच्या एसटीत डबा मांडीवर होता. झाकण उघडून पाहिलं, सगळे ळ मान वळवून अकोटकडे पाहत होते. बंद केलं. परत उघडलं. रेवा म्हणाली, "आजी, सांडतील."

काल तिचा पुण्याहून मेसेज आला. अक्षरं पुरी झाली. मोबाइलवर मोठ्या नवरीत एकच नाव पाठवलं होतं तिनं, मंजुळा. ळ पुढे वळवलेला, तुऱ्याचा मोती तसाच. सुरेख आहे. मला तिच्यावर चिडायचं होतं, पण सुरेख आहे.

शेवटचा एक पेढा मी फ्रिजमध्ये ठेवला होता. मुलगा म्हणाला, "आई, खराब होईल तो, टाकून दे." मी बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि मोबाइल त्याच्या डावीकडे ठेवला. मोबाइलवरचा ळ उजवीकडे पाहतो, पेढ्यावरचा डावीकडे. दोघं एकमेकांसमोर आले.

तेव्हापासून इथंच बसले आहे. थोड्या वेळानं मोबाइल विझतो, मग मी बोट लावते.